शहादेवचं गोड पाणी

आमच्या गावात पाण्याला कुणी नावं ठेवली की ती शहादेवला लागायची. आणि पाणी चांगलं आहे असं कुणी म्हटलं की हा माणूस असा लाजायचा, जणू ते त्यानेच खडकातून पिळून काढलंय. मी शिंपी. माझं दुकान पाण्याच्या टाकीसमोर, मशीन दारात, तोंड टाकीकडे. त्यामुळे शहादेवला गावात सगळ्यात जास्त बघितलेला माणूस मीच, त्याची बायको सोडली तर. तीसुद्धा कधी कधी मला विचारते, "मास्तर, आमचे मालक वर हायत का खाली?"

गाव बीड जिल्ह्यात, चौसाळ्याहून आत, पाटोद्याच्या अंगाला. नळाला दिवसाआड पाणी, उन्हाळ्यात देवाच्या मर्जीने. शहादेव ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. उंच, हडकुळा, खांद्यावर टॉवेल आणि हातात व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी. ती चावी घेऊन तो गल्लीत शिरला की बायकांच्या घागरी बाहेर पडायच्या आणि घागरींबरोबर भांडणंही. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाकडे हळद आहे, हे त्याला ठाऊक असायचं आणि त्या गल्लीला तो थोडं जास्त पाणी सोडायचा. सरपंच कुठल्याही पक्षाचा येवो, शहादेव टिकला तो या स्वभावावर. भला माणूस. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही ते मान्य करणार नाही. मलाही मधे काही दिवस ते मान्य नव्हतं.

त्याचं दुसरं काम टाकीत औषध टाकायचं. आहे ती जंतू मारायची टीसीएल पावडर, पण गावात सगळे तिला औषधच म्हणतात. बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी घेऊन शिडीने टाकीवर चढायचं, ओतायचं आणि थोडं थांबून मग पाणी सोडायचं. काम अवघड नाही. पण त्यात कौतुक शून्य. औषधामुळे जे आजार होत नाहीत ते कुणाला दिसत नाहीत. वास मात्र घरोघरी पोचतो. चहा बिघडला, औषध. डाळ शिजली नाही, औषध. नवऱ्याचं डोकं फिरलं तरी औषध. सप्त्यात एकदा कीर्तनकार महाराजांनी तांब्या तोंडाला लावला आणि न पिता खाली ठेवला. एवढंच झालं. पण शहादेव मंडपात मागे उभा होता आणि त्याने ते बघितलं. पुढे कित्येक दिवस तो तेच घेऊन माझ्या दुकानात बसायचा.

"आरं, महाराजाला ढेकर आली आसंल," मी म्हणायचो.

"न्हाई मास्तर. वास आला त्यांना. त्यांचं त्वांड बगितलं मी."

पाणी तपासायला उपकेंद्राचा आरोग्य सेवक रामहरी यायचा. काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की टाकीत पावडर पडलेली आहे. रामहरीकडे बरीच गावं आणि एक जुनी मोटारसायकल. नळाला पाणी नसताना हेलपाटा नको म्हणून तो आदल्या दिवशी शहादेवला फोन करायचा, "नाना, उद्या येतो. पाणी हाय ना?" यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण फोन यायचा हे खरं. आमच्या गावाचं पाणी कायम पिवळं निघायचं. गावाला हिरवं कार्ड मिळालं, म्हणजे पाणी बिनधास्त प्या. पंचायतीने ते काचेत लावलं आणि पंधरा ऑगस्टला शहादेवला शाल दिली. शाल त्याने उकाड्यात पांघरून गावभर फिरवली.

गेल्या गुढीपाडव्याच्या सुमारास त्याची लेक शिवकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला दिवस गेल्यापासून वासांचा त्रास. फोडणीचा वास सोसवेना, साबणाचा सोसवेना आणि सगळ्यात वाईट नळाच्या पाण्याचा. घोट घेतला की ओकारी. एक दिवस सुभद्राबाईने, म्हणजे शहादेवच्या बायकोने, त्याला जेवताना ऐकवलं, "साऱ्या गावाला पाणी पाजता, आन् आपल्या पोरीच्या पोटात घोटभर ठरंना."

पाणी उकळून उघडं ठेवलं की वास उडून जातो, हे शहादेवला ठाऊक नव्हतं असं नाही. दुसऱ्यांना तोच सांगायचा. पण ज्याच्या हातात टाकी असते त्याला माठ सुचत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बादली कालवलीच नाही. रिकामी बादली घेऊन शिडी चढला-उतरला, मला खालून फरक कळला नाही, आणि नुसतं पाणी सोडलं.

शिवकन्या ग्लासभर प्यायली आणि म्हणाली, "आण्णा, आज पाणी लई गोड हाय."

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या दिवशी गल्लोगल्ली हेच बोलणं. बायका त्याला हाक मारून सांगायला लागल्या. माझी बायको विमलबाई चहाचा कप हातात घेऊन दारात आली आणि म्हणाली की आज चहाला चहाची चव आहे. मीही मशीनवरून ओरडलो, "शहादेव, साखर टाकली का बे टाकीत?" टाकीत किती पाणी उरलं ते बघायला तो वर शिडीवर होता. वरूनच हसला. इतका खूश झालेला माणूस मी शालीच्या दिवशीही बघितला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात जावयाचा पुण्याहून फोन आला, की बाळंतपण होईपर्यंत शिवकन्याने जारचंच पाणी प्यायचं. जार यायला लागला. ज्या पोरीसाठी औषध थांबवलं ती नळाचं पाणी प्यायचीच थांबली. खरं म्हणजे त्या दिवशी शहादेवने पुन्हा बादली कालवायला हवी होती. नाही कालवली. लोक गोड म्हणत होते. रामहरीचा फोन आला की तेवढी सकाळ तो दाबून पावडर टाकायचा, नळीतलं पाणी हळदीसारखं पिवळं व्हायचं, रामहरी खूश होऊन जायचा आणि पुढच्या पाळीपासून पाणी पुन्हा गोड.

याच दिवसांत ऊसतोडीला गेलेली मंडळी गावाकडे परतली. त्यांत दगडाबाईचं घर होतं. दगडाबाईने पूर्वी कोयता चालवला, आता कमरेने साथ सोडली म्हणून ती गावात राहून फाट्यावर रसवंती चालवते. तोडीला जातात तिचा लेक अभिमन्यू आणि सून करिष्मा. करिष्मा कारखान्यावरून आली ती पोटुशी. शिवकन्याच्या मागेपुढेच तिचे दिवस भरणार होते. दगडाबाईने नातवासाठी कुंचीचं, म्हणजे डोक्यावरून पाठीवर येणाऱ्या टोपड्याचं, कापड माझ्याकडे आणून टाकलं, लाल, पिवळ्या काठाचं. त्याच फळीवर शिवकन्याच्या बाळाच्या कुंचीचं कापड आधीपासून पडलेलं होतं. मी दोन्हीला खूण म्हणून टाके घातले, नाहीतर घोटाळा झाला असता.

वैशाख सरता सरता गावात डोळे पिवळे व्हायला लागले. आधी शाळेची दोन पोरं, मग एका गल्लीत तीन घरं, मग मोजणंच सुटलं. लोकांनी नेहमीप्रमाणे आधी कावीळ उतरवणाऱ्याकडून गळ्यात माळा घालून घेतल्या. विमलबाईही पडली. अन्नाचं नाव काढलं की तिला मळमळायचं. मी दुकान अर्धं उघडं ठेवून घरात भाताची पेज शिजवायचो आणि ती माझ्या पेजेला नावं ठेवायची, त्यावरून ती जगणार एवढं मला कळलं. पोटुशी बाईला मात्र ही कावीळ सहजी सोडत नाही. करिष्माला बीडच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. ती शुद्धीवर नव्हती. बाळ पोटातच गेलं. करिष्मा वाचली, कशी ते तिलाच ठाऊक.

मग सरकारी आरोग्य खात्याचं पथक आलं. जिल्ह्याची माणसं होती आणि वरून, राज्याच्या आरोग्य विभागातून, एक डॉक्टर बाई आल्या होत्या, प्रियदर्शनी नावाच्या. वय आमच्या पोरींएवढं. डोक्यावर टोपी घालून उन्हात घरोघर फिरत होत्या. सावलीला माझ्या दुकानात बसल्या तेव्हा मी विचारलं, "मॅडम, गोळ्या कधी देणार?"

त्या म्हणाल्या, "काका, या काविळीला गोळी नाही. आराम केला की बहुतेक जण आपोआप बरे होतात. मी आले ती हे कुठून आलं ते शोधायला. ते सापडलं की थांबवता येतं. नाही सापडलं तर आत्ता जे चांगले दिसतायत तेही पडतील."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला नवी होती. आज ज्याचे डोळे पिवळे झाले त्याने ते विष आज नाही प्यायलेलं. महिना-दीड महिना आधी प्यायलेलं असतं, आणि ही कावीळ बहुतेक घाण मिसळलेल्या पाण्यातून येते. त्यामुळे आजचं पाणी तपासून अर्धंच कळतं, उरलेलं माणसांना विचारावं लागतं. शहादेव बाहेर ओट्यावरच होता. त्यांनी त्याला आत बोलावलं, बसवलं आणि नीट विचारलं, "नाना, पाडव्यापासून आजपर्यंत दर पाळीला औषध पडत होतं का? मधे खंड पडला असेल तरी सांगा. मी रागवायला आलेले नाही."

शहादेव हातातल्या चावीकडे बघत म्हणाला, "दर पाळीला पडतं, मॅडम."

त्यांनी नळाचं पाणी नळीत घेतलं. पिवळंधमक. काविळीची पहिली बातमी आली त्या दिवसापासून तो दर पाळीला पावडर टाकत होता, टाकायची त्याहून जास्त. रामहरीने मान डोलावली, डॉक्टर बाईंनी लिहून घेतलं आणि शहादेव उठून गेला. चावी माझ्या दुकानात विसरून. वीस वर्षांत हे पहिल्यांदा.

टाकी सुटली म्हटल्यावर बोट दुसरीकडे वळणारच. आजारी पडलेल्यांपैकी बरेच जण फाट्यावर रस प्यायलेले निघाले. उन्हाळ्यात कोण पीत नाही? बर्फ बाहेरून यायचा, ग्लास एकाच बादलीत विसळले जायचे, हे खरंच होतं. पथकाने रसवंतीची चौकशी सुरू केली आणि गावाला तेवढं पुरलं. सरपंच रविराजला तर सुटल्यासारखं झालं. पाणी म्हटलं असतं तर पंचायत आली असती. रस म्हटल्यावर नुसती दगडाबाई आली. तिच्या रसवंतीचं छप्पर कुणीतरी दिवसाढवळ्या उचकटून टाकलं. नळावर बायका तिच्या घागरीपासून आपली घागर लांब ओढायला लागल्या. एकीने तोंडावर सांगितलं की तुझ्या रसाने गाव पिवळं केलं आणि तुझं घरही सोडलं नाही. ही बाई दवाखान्यातून बाळाशिवाय सून घेऊन आलेली, तिला हे ऐकवलं. माणसं कशी असतात ते मला शिवणकामातून बरंच कळलंय, पण त्या दिवसांत जरा जास्तच कळलं.

एका दुपारी शहादेव माझ्याकडे येऊन बसला होता. हल्ली रोज यायचा. मी त्याची थट्टा करायचो, तो हसायचा नाही. तेवढ्यात दगडाबाई आली. दारातच उभी राहिली.

"मास्तर, त्या कुंचीला कातर लावली का?"

"न्हाई अजून," मी म्हणालो. कापड खाली काढलं.

"नगा लावू मग." तिने कापड हातात घेतलं आणि त्याच्यावरची नसलेली धूळ झटकली. मग आमच्याकडे न बघता बोलायला लागली. "म्या रोज तिला गिलासभर रस पाजायचे. ती नगं म्हनायची, तरी पाजायचे. गर्भाला बरा म्हनून. बर्फ जरा जास्त टाकायचे, उष्णता हाय म्हनून. माज्याच हातानं, मास्तर. आता करिष्मा माज्याकडं बगते ना, तवा मला वाटतं हिला कळलंय. ती बोलत न्हाई. पन कळलंय."

शहादेवची मान खाली. दगडाबाईने कापड परत माझ्या हातात दिलं. घरात ठेवलं तर करिष्माला दिसेल म्हणाली, आणि गेली.

ती दारात शिरून दिसेनाशी होईपर्यंत शहादेव तिच्या पाठीकडे बघत होता. मग म्हणाला, "मास्तर, रसानं न्हाई झालं."

आणि त्याने सगळं सांगितलं. शिवकन्याची ओकारी, न कालवलेली बादली, जार, रामहरीचे फोन. मला वाटलं तो म्हणेल, पोरीसाठी केलं. तसं म्हणाला असता तर मी कदाचित पाघळलोही असतो. पण तो म्हणाला, "पोरीसाठी चार दिवस केलं. बाकीचं माज्यासाठी. लोक गोड म्हनायचे ना."

माझी बायको भिंतीपलीकडे पिवळी होऊन पडलेली होती. माझं डोकं असं फिरलं की हातातली कातर मी टेबलावर आपटली. म्हणालो, "मग मला कावून सांगतो बे? मी काय डाक्टर हाय? मला सांगून तुला हलकं वाटंल, दगडाबाईला काय मिळंल?"

"नोकरी जाईल मास्तर. पोरीचं बाळंतपण तोंडावर हाय. गाव मला जित्ता ठेवनार न्हाई."

"न्हाई ठेवनार," मी म्हणालो. "पर ती बाई आपल्या नातवाला आपनच मारलं म्हनून मरायला लागली हाय, तिचं काय?"

तो उठला. या वेळी चावी न विसरता घेऊन गेला. मला वाटलं, हा सांगणार नाही. खरं सांगतो, सांगेल असं मला अजिबात वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर सभा होती. पथक निघायच्या तयारीत होतं आणि जाण्याआधी गावाला सांगायचं ते सांगणार होतं. डॉक्टर बाई म्हणाल्या की सध्या टाकीचं पाणी ठीक दिसतंय, रसवंतीचा बर्फ आणि पाणी याबद्दल शंका आहे, नक्की अजून सांगता येत नाही. नक्की नाही हे शब्द कुणीच ऐकले नाहीत. रविराज उठला आणि म्हणाला, रसवंती कायमची बंद करण्याचा ठराव आत्ताच घेऊ. हात वर व्हायला लागले. दगडाबाई बायकांच्या मागे तोंडावर पदर घेऊन बसली होती. माझ्या लक्षात आलं की तिनेही हात वर केलाय.

तेव्हा शहादेव उठला. त्याने शेजारच्या खांबाला धरलं होतं.

"मॅडम, रसवंती नका बंद करू," तो म्हणाला. "नळ बंद करा. पाडव्यापासनं टाकीत औषध न्हाई. म्या टाकलं न्हाई. रामहरीचा फोन आला का टाकायचो. कावीळ आली तवापासनं टाकतोय. तुमाला मी खोटं बोललो."

कुणीतरी शिवी हासडली. मागून दोघं-तिघं उठले. अभिमन्यू उठला नाही, तो जागेवरच बसून शहादेवकडे बघत राहिला आणि ते जास्त भयंकर होतं. डॉक्टर बाईंनी एका हाताने लोकांना थोपवलं. मी वाट बघत होतो की त्या आता शहादेवला फाडून खातील. त्यांनी फक्त विचारलं, "विहिरीपासून टाकीपर्यंत पाइप कुठून येतो? नालीजवळून जातो का?"

"नालीतूनच जातो," शहादेव म्हणाला. "शाळेच्या मागं गळती हाय. पंचायतीला सांगितलेलं हाय."

उभा असलेला रविराज हळूच खाली बसला.

आणि मग त्या सगळ्या गोंधळात दगडाबाई उभी राहिली. तोंडावरचा पदर काढला. शहादेवकडे तिने बघितलंसुद्धा नाही. डॉक्टर बाईंना विचारलं, "म्हंजी मॅडम, रसानं न्हाई?"

डॉक्टर बाई तिच्याजवळ गेल्या. म्हणाल्या, "मावशी, तुमच्या सुनेनं रस प्यायला नसता तरी नळाचं पाणी प्यायलीच असती. तुमच्यामुळे नाही झालं."

दगडाबाई तिथेच खाली बसली आणि रडली. दवाखान्यातून आल्यापासून तिला कुणी रडताना बघितलं नव्हतं.

त्याच तासाला नळ बंद झाला. गळती सापडली, शाळेमागे, नालीच्या काळ्या पाण्यात. नळाला दिवसाआड पाणी, म्हणजे मधल्या वेळेत पाइप रिकामा, आणि रिकामा पाइप नालीतलं आत ओढून घ्यायचा. तिथलं पाणी प्रयोगशाळेत गेलं, लोकांचं रक्त तपासायला पुण्याला गेलं, टँकर आले, गावची आशा सेविका वर्षाराणी घरोघर पाणी उकळायला सांगत फिरली. डॉक्टर बाईंनी आधीच बजावलं होतं की अजून काही दिवस नवे रोगी निघतील, घाबरू नका, ते आधीचं पाणी प्यायलेले. तसंच झालं. मग एकेक घर कमी होत गेलं. विमलबाई उठली आणि पहिल्याच दिवशी माझा अख्खा स्वयंपाक फेकून दिला. आताशा रामहरी फोन न करता येतो. तशी वरून ताकीदच आहे.

शहादेवला लोकांनी मारलं नाही. बोलणंही फार कुणी केलं नाही, ते एक वेगळंच मारणं. त्याला काढतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण त्याला काढायचं तर गळतीची तक्रार कुणी दाबून ठेवली हेही कुणीतरी विचारलं असतं, म्हणून पंचायतीने त्याला समज दिली आणि विषय मिटवला. त्याने स्वतः राजीनामा लिहून नेला होता. रविराजने तो घेतला नाही. शहादेवला ते शिक्षेसारखं वाटलं असावं, कारण परत येऊन त्याने मला विचारलं, "मास्तर, निदान काढायला तरी पायजे होतं ना?"

शिवकन्याला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. शहादेवने पेढे वाटले नाहीत. सव्वा महिन्याने बाळंतिणीने विहिरीची पूजा करायची आमच्याकडे रीत आहे. हळदीकुंकू वाहायचं, पाण्याला नमस्कार करायचा. बायका गाणी म्हणत निघाल्या, वाट दगडाबाईच्या दारावरून. शहादेवने हात जोडून त्यांना लांबच्या वाटेने नेलं आणि गाणी बंद करायला लावली. सुभद्राबाई त्याच्यावर चिडली, पहिलं नातवंड आहे म्हणाली. तो म्हणाला, "व्हय. आपलं हाय." शिवकन्याच्या बाळाची कुंची मी शिवून दिली. दुसरं कापड अजून फळीवरच आहे.

आता नळाला पाणी येतं त्या दिवशी शहादेव असं करतो. औषध टाकतो, थांबतो, पाणी सोडतो आणि चावी घेऊन सरळ दगडाबाईच्या घरी जातो. उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही. बाहेर उभा राहून विचारतो, "वास येतोय का?"

आतून कुणी उत्तर देत नसे. तो थोडा वेळ थांबून परत यायचा. मी एकदा चिडून म्हणालो, नळी घेऊन स्वतः तपास ना, त्यांच्या दाराशी कावून जातो? तो म्हणाला, नळीला मी एकदा फसवलंय.

आणि गाव कसलं असतं बघा. कावीळ जाऊन पुरता हंगामही उलटला नाही, तोवर पुन्हा चहाची तक्रार सुरू झाली. परवा माझ्या दुकानात बद्रीनाथ तात्या पायजमा न्यायला आले. माझ्याकडचं पाणी प्यायले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "कसं पाणी झालंय आता. उन्हाळ्यात शहादेव कसं गोड पाणी सोडायचा." शहादेव कोपऱ्यात बसलेला. तात्यांचं लक्ष नव्हतं. त्यांच्या मनात काही वाईटही नव्हतं. शहादेवचं तोंड असं झालं की मी तात्यांना पायजम्यासकट दुकानातून बाहेर काढलं.

दिवाळी झाली आणि तोडीच्या गाड्या लागल्या. अभिमन्यू आणि करिष्मा पुन्हा निघाले. सकाळीच पाणी आलेलं. टोळीचा ट्रॅक्टर माझ्या दुकानापुढे उभा होता. बिऱ्हाडं चढत होती, भांडी, शेळ्या, सरपण. करिष्मा दार उघडं टाकून उंबऱ्याआतल्या नळावर पाण्याचे कॅन भरत बसली होती. घर टाकीला लागूनच, त्यामुळे दुकानातून मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. शहादेव आला आणि नेहमीच्या जागी उभा राहिला. आज तरी विचारू नये, असं मला वाटलं. पण तो विचारणारच.

"वास येतोय का?"

करिष्माने ओंजळ धरली आणि प्यायली. तोंड पुसलं.

"येतोय, नाना," ती म्हणाली. "आजून एक कॅन भरते. तिकडं फडावर पाण्यात कोन टाकतंय का न्हाई, कुनाला ठाऊक."

तिने दुसरा कॅन भरला, झाकण घट्ट बसवलं आणि उचलायला लागली. शहादेव नकळत पुढे झाला, पण उंबऱ्याजवळ थांबला. तिने एकटीने उचलून ट्रॅक्टरवर चढवला.

ट्रॅक्टर गेल्यावर तो माझ्याकडे येऊन बसला. चहा मागवला तो तसाच निवला. मग म्हणाला, "मास्तर, तिनं शिवी द्यायला पायजे होती. नाना म्हनली."